माणसाचं चित्र कसं बघायचं: "अगदी फोटोसारखं" म्हणून पुढं जाऊ नका

आपल्याकडं सांगली-साताऱ्यात चित्र बघणाऱ्यांची कमी नाही. वाईचा घाट, मेणवली, आयर्विन पूल, कृष्णाकाठ असलं निसर्गचित्र समोर आलं की लोक बरोबर बोलतात, सकाळचं ऊन काय पकडलंय बघ, पाण्यातली सावली बघ, लांबचा डोंगर कसा निळा पडलाय. पण तीच माणसं एखाद्या मोठ्या मानवाकृतीच्या चित्रासमोर आली, म्हणजे बसलेली म्हातारी, पाठमोरी मुलगी, फेटा बांधलेला शेतकरी, की एकच वाक्य येतं, "अगदी फोटोच वाटतोय की", आणि पाय पुढच्या चित्राकडं. हे मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या एका चित्रात बघण्यासारखं इतकं असतं की अर्धा तास कमी पडावा, आणि ज्यानं ते काढलं त्यानं महिना महिना घालवलेला असतो. म्हणून आजच्या काळात वास्तववादी पद्धतीनं काढलेलं माणसाचं चित्र, त्यातला रंग आणि त्यातलं काम कसं बघायचं ते जमेल तेवढं सविस्तर लिहितोय. यासाठी स्वतःला चित्र काढता यायला पाहिजे असं काही नाही. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेली असली तर चांगलंच, नसली तरी चालतंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची. ट्यूबमधला सगळ्यात पांढरा रंग म्हणजे शेवटी खोलीतल्या उजेडात दिसणारा रंगाचा थर, तो उन्हासारखा चमकू शकत नाही, आणि सगळ्यात काळा रंगसुद्धा खऱ्या अंधाराइतका काळा होत नाही. म्हणजे समोरच्या उजेड-अंधाराची जी लांबलचक पट्टी आहे ती चित्रकाराला आखडून छोट्या पट्टीत बसवावी लागते. जसंच्या तसं उतरवणं शक्यच नसतं. मग कुठला भाग किती उजळ ठेवायचा, कुठला मुद्दाम दाबायचा, कुठं रंग जोरात लावायचा आणि कुठं मळकट करायचा हे त्यानं ठरवलेलं असतं. वास्तववादी चित्र म्हणजे नक्कल नाही, ते असल्या शेकडो निर्णयांचा हिशोब आहे, आणि आपण बघायचे ते हे निर्णय.

आधी लांबून, डोळे किलकिले करून

हॉलमध्ये शिरल्यावर लगेच चित्राला नाक लावू नका. चित्राच्या लांबीच्या दोन-अडीच पट मागं उभं राहा, चित्राखालचं नाव आणि किंमत आत्ता वाचू नका, आणि डोळे किलकिले करा, म्हणजे पापण्या इतक्या मिटा की बारीकसारीक काम दिसायचं बंद होईल. आता दोन-तीन मोठे तुकडेच राहतात, एक उजेडाचा, एक सावलीचा आणि मधला. चांगल्या चित्रात या तुकड्यांनाही आकार असतो, ते एकमेकांत नीट गुंतलेले असतात आणि बसलेला माणूस बसलेलाच वाटतो, त्याचं वजन खुर्चीवर पडलेलं कळतं. कच्च्या चित्रात डोळे किलकिले केले की सगळीकडं सारखे ठिपके दिसायला लागतात, कारण काढणाऱ्यानं प्रत्येक सुरकुती वेगळी वेगळी रंगवलेली असते, पण सगळं मिळून उजेड कुठून येतोय हे ठरवलेलंच नसतं.

याला टोन म्हणतात, म्हणजे रंग कोणताही असो, तो किती उजळ आणि किती गडद. आर्ट कॉलेजच्या पोरांना सर पहिल्या दिवसापासून हेच ओरडून सांगतात, की टोन बरोबर असला तर रंग थोडा चुकला तरी चेहरा चेहराच दिसतो आणि टोन चुकला तर कितीही भारी रंग लावा, चेहरा सपाट पडतो. खात्री करायची असली तर परवानगी घेऊन मोबाईलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग काढून घेतल्यावरही गाल पुढं आणि कान मागं वाटत असतील तर खालचं काम पक्कं आहे. मात्र रंगाचा न्याय मोबाईलच्या फोटोवरून करू नका, कॅमेरा स्वतःच्या अकलेनं पांढरा रंग ठरवतो आणि हॉलच्या पिवळ्या लाइटमध्ये तर पार गडबड करतो. फ्लॅशचा तर विषयच काढू नका.

अजून एक, चित्रावर लाइटची चकाकी येत असली तर तिथंच उभं राहून वैतागू नका, दोन पावलं बाजूला सरका. तैलचित्र एका जागेवरून बघायचं नसतंच.

अंगाचा रंग

आता खरा विषय. आपण लहानपणी खडूच्या आणि पोस्टर कलरच्या डबीत "स्किन कलर" नावाचा एक गुलाबट रंग बघितलेला असतो आणि तो डोक्यात बसलेला असतो. प्रत्यक्षात असा एक रंग कुणाच्याच अंगाला नसतो, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ माणसांच्या अंगाला तर अजिबात नसतो. चित्रकार चेहऱ्याचा एक रंग कालवून सगळीकडं फासत नाही, तो इंचाइंचाला रंग बदलतो. कपाळावर कातडी पातळ आणि खाली हाड, तिथं रंग जरा पिवळट. गाल, नाक, कान इथं रक्त जास्त, तिथं तांबूस. पुरुषाच्या हनुवटीवर, दाढीच्या भागात निळसर-हिरवट करडा. हे पट्टे कागदावर वाचायला विचित्र वाटतात पण चित्रात ते शोधायला लागलात की एकामागं एक सापडत जातात.

हे नीट कळावं म्हणून मी एकच चित्र जरा जवळून सांगतो. सांगलीतच एका प्रदर्शनात बघितलेलं, साधारण तीन बाय चार फुटांचं तैलचित्र, हळदीच्या गोदामात काम करणारी बाई हळकुंडांच्या ढिगाला टेकून जरा वेळ बसलीये, डावीकडून शेडच्या उघड्या दारातून उजेड येतोय. मार्केट यार्डाकडं ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना हे दृश्य नवीन नाही, पण चित्रकारानं त्यात काय केलं होतं ते बघा.

तिच्या हनुवटीच्या खालचा भाग सावलीत होता. सावली म्हणजे काळपट तपकिरी असणार असं आपण धरून चालतो, पण तिथं चक्क पिवळसर झाक होती, कारण खालच्या हळकुंडांवर पडलेलं ऊन उलटून वर हनुवटीवर येत होतं. याला रिफ्लेक्टेड लाइट म्हणतात. चांगला चित्रकार सावलीतला हा उजेड दाखवतो, पण उजेडाच्या बाजूच्या भागापेक्षा त्याला कधीच उजळ होऊ देत नाही. त्या चित्रात लांबून बघताना हनुवटीची सावली सावलीच राहिली होती, जवळ गेल्यावरच पिवळेपणा दिसला. याच जागी पुष्कळ जण घसरतात, सावलीतला उजेड आवडीनं जरा जास्त वाढवतात आणि मग चेहऱ्याला आतून बल्ब लावल्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट, उजेड संपून सावली सुरू होते ती कड. तिच्या उजव्या गालावर ही कड तांबूस-नारिंगी होती, दोन्ही बाजूंच्या रंगापेक्षा जास्त तापलेली. कारण कातडी भिंतीसारखी नाही, उजेड तिच्यात थोडा आत शिरतो, आत विखुरतो आणि लालसर होऊन बाहेर येतो. संध्याकाळी उन्हाकडं पाठ करून उभ्या असलेल्या पोराचे कान लाल पेटलेले दिसतात ना, कारण तेच. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र सगळ्यांनी कॅलेंडरवर नाहीतर मोबाईलवर बघितलेलं असतं, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते तैलचित्र नाही तर जलरंगातलं आहे, त्यात ज्योतीच्या आड धरलेल्या बोटांच्या कडा बघा, कशा केशरी-लाल झाल्यात. बोटांतून उजेड जातोय हे सांगायला त्यांनी फक्त रंग बदललाय. माती-लाकडासारखं मेलेलं अंग आणि जिवंत अंग यातला फरक बहुतेक वेळा या एका कडेवर ठरतो.

तिसरी गोष्ट, चमक. सावळ्या अंगावरची चमक बघायला मला सगळ्यात जास्त आवडतं. गोऱ्या कातडीवर हायलाइट फारसा उठत नाही कारण आजूबाजूचंही उजळच असतं. सावळ्या कातडीवर मात्र घामानं ओलं कपाळ, नाकाचा शेंडा, खांद्याचं हाड हे आकाशाचा रंग उचलतात, त्यामुळं तिथली चमक निळसर करडी दिसते आणि तिच्या शेजारचा भाग तांबूस तपकिरी. गार आणि गरम शेजारी शेजारी. त्या बाईच्या कपाळावर असा एक निळसर फटकारा होता, फक्त एक, ब्रश टेकवला आणि उचलला. ज्यांनी आपली माणसं समोर बसवून चित्र शिकलंय त्यांना हे येतं, ज्यांनी नुसते परदेशी व्हिडिओ बघून शिकलंय ते सावळ्या चेहऱ्यावर पण पांढरट पिवळा हायलाइट ठेवतात आणि चेहरा प्लॅस्टिकचा होतो.

कार्डाला भोक पाडून बघा

एक सोपा प्रयोग आहे. एखादं जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्या, करडं किंवा मळकट रंगाचं असेल तर उत्तम, त्याला पंचिंग मशीननं एक भोक पाडा आणि चित्रापासून हातभर लांब उभं राहून (चित्राला लावू नका) एक डोळा मिटून त्या भोकातून गालाचा नुसता एक ठिपका बघा. धक्का बसतो. ज्याला आपण मस्त गव्हाळ गाल म्हणत होतो तो भोकातून मातकट, कधी हिरवट, कधी चक्क करडा दिसतो. कार्ड बाजूला केलं की परत गाल. म्हणजे तो रंग एकटा सुंदर नव्हताच, तो शेजारच्या रंगांमुळं तसा दिसत होता. फ्रान्समधला शेव्हरल नावाचा केमिस्ट कापडाच्या रंगांवर काम करताना याच्या मागं लागला, त्यानं १८३९ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं, की दोन रंग शेजारी आले की एकमेकांना बदलून दाखवतात. आपल्या मिरजेच्या भाषेत सांगायचं तर तंबोऱ्याचा षड्ज ऐकल्याशिवाय गवयाचा सूर बरोबर का चूक कळत नाही, चित्रातल्या रंगाचंही तसंच, बाजूचा रंग काय आहे त्यावर सगळं.

हे कळलं की चित्रातले मळके रंग आवडायला लागतात. त्या हळदीच्या चित्रात ढीग फार पेटलेला दिसत होता, पण कार्डातून बघितलं तर ढिगाचा बहुतेक भाग धुळकट मातेरी पिवळा, हळकुंडं असतातच तशी. खरा जोरकस पिवळा फक्त उन्हाच्या पट्ट्यात, वीतभर जागेत. बाकी सगळा कमाल तिच्या विटलेल्या जांभळट लुगड्याचा होता, पिवळ्याशेजारी जांभळट आलं की पिवळा आपोआप उठतो, आणि लुगडं विटलेलं ठेवल्यामुळं दोघांत भांडण झालं नाही. नवीन शिकणारा असता तर त्यानं ढिगाला ट्यूबमधला पिवळा आणि लुगड्याला ट्यूबमधला जांभळा लावला असता आणि बाई मधल्या मध्ये हरवली असती.

आणि ढिगाची सावली! पिवळ्यात काळा कालवला की तो हिरवा पडतो, घरी वॉटरकलर असले तर आत्ता करून बघा, शेवाळ्याचा रंग येतो. या चित्रकारानं सावलीत काळा घातलाच नव्हता, तपकिरी आणि जांभळट वापरून पिवळा खाली आणला होता, म्हणून सावलीतसुद्धा ती हळदच वाटत होती. पिवळ्या वस्तूची सावली कशी केलीय हे बघितलं की चित्रकार किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

काळा वाईट असं मात्र समजू नका, आर्टवाल्यांमध्ये काळा वापरायचा नाही असं एक फॅड आहे. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) याचं नाव ज्या पॅलेटला, म्हणजे रंगांच्या ठरावीक निवडीला, चिकटलंय त्यात चारच रंग असतात, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक (काळा) आणि पांढरा. त्यात निळा नाहीच, काळ्यात पांढरा घातला की जो करडा होतो तो तांबूस रंगाशेजारी निळा दिसतो. माणसाच्या अंगाला एवढ्या चारातून बरंच काही निघतं. म्हणून चित्रात किती रंग आहेत हे मोजत बसू नका, थोडक्या रंगात किती काढलंय ते बघा.

आता जवळ जा

लांबून पोटभर बघून झालं की मग जवळ, अगदी वीतभर, हात मागं बांधून. आता चेहरा दिसायचा बंद होतो आणि रंगाचे फटकारे दिसतात. इथं पहिल्यांदा कडा बघा. सगळ्या कडा सारख्या धारदार असल्या की माणूस कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा वाटतो. जाणकार चित्रकार काही कडा धारदार ठेवतो, काही मऊ करतो आणि काही चक्क हरवून टाकतो. त्या बाईचा सावलीतला दंड मागच्या अंधारात कुठं मिसळला होता ते जवळून शोधूनही सापडत नव्हतं, दोन्हीकडं जवळजवळ एकच रंग, पण लांबून दंड पूर्ण दिसत होता कारण बाकीचं आपला डोळा भरून काढतो. आणि सगळ्यात धारदार कड कुठं, तर उजेडातल्या गालाची आणि मागच्या अंधाराची, बरोबर जिथं आपण बघावं असं त्याला वाटत होतं. कुठल्याही चित्रात सगळ्यात धारदार कड शोधा, चित्रकाराला तुम्हाला कुठं न्यायचंय ते कळेल.

मग रंग कसा चढवलाय ते. ढोबळमानानं दोन रीती. एक म्हणजे ओल्यावर ओला, एका बैठकीत किंवा खालचा रंग वाळायच्या आत चित्र पुरं करायचं, याला अल्ला प्रिमा म्हणतात. यात फटकारे ताजे दिसतात, दोन रंग ब्रशखालीच एकमेकांत ओढले गेलेले दिसतात, एखाद्या फटकाऱ्यात सुरुवातीला एक रंग आणि शेवटी दुसरा. डेमोमध्ये आपण दीड-दोन तासांत जे पोर्ट्रेट होताना बघतो ते हे. दुसरी रीत थरांची. आधी करड्या किंवा तपकिरी रंगात नुसता छायाप्रकाश उभा करायचा, तो वाळू द्यायचा, मग वरून पातळ पारदर्शक रंग फिरवायचा, त्याला ग्लेझ म्हणतात. उजेड वरच्या थरातून आत जाऊन खालच्या उजळ थराला लागून परत येतो, त्यामुळं रंगाला एक खोली येते जी नुसता जाड रंग फासून येत नाही. ग्लेझ ओळखायचा तर गडद लाल शालू किंवा दाट सावली बघा, खालचं रेखांकन किंवा कॅनव्हासचा पोत वरच्या रंगातून झिरपताना दिसतो. थरांचा नियम एकच, खाली कमी तेलाचा, वर जास्त तेलाचा, नाहीतर पुढं तडे जातात.

याच्या उलट, वाळलेल्या थरावर कोरड्या ब्रशनं उजळ, दाट रंग नुसता घासायचा, कॅनव्हासच्या उंचवट्यांवर तो धरतो आणि खळग्यांत खालचा दिसत राहतो. त्या बाईच्या पायाला लागलेली हळदीची धूळ अशीच केली होती. जवळून बघितलं तर तपकिरी पावलावर फिकट पिवळ्याचे तुटक घासे, तीन पावलं मागं आलं की घोट्यापर्यंत हळद.

जाड रंग कुठं लावलाय तेही बघा. बहुतेक वास्तववादी चित्रांत उजेड जाड आणि सावली पातळ असते. जाड रंगावर खोलीतला खरा उजेड पडतो, तो भाग पुढं येतो, पातळ सावली मागं राहते. तिच्या हिरव्या काचेच्या बांगड्यांवर पॅलेट नाईफच्या, म्हणजे रंग लावायच्या पातळ सुरीच्या, टोकानं ठेवलेला रंगाचा एवढासा गोळा होता, बाजूनं बघितलं तर कॅनव्हासच्या वर आलेला दिसायचा. बाकीच्या बांगड्या नीट काढलेल्याच नव्हत्या, दोन हिरवे पट्टे फक्त, पण त्या एका गोळ्यामुळं सगळ्या वाजतील असं वाटत होतं.

नवीन तैलचित्रात गडद तपकिरी भागात कधी कधी कोरडे, निस्तेज डाग दिसतात, त्याला लगेच दोष देऊ नका. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, खालचा थर तेल पिऊन घेतो आणि वरचा रंग बसतो. शेवटचं व्हार्निश सहसा सहा महिन्यांनी नाहीतर त्याच्याही नंतर लावतात, तोपर्यंत असं राहतं.

जलरंगातलं मानवाकृतीचं चित्र असेल तर गणित उलटं. तिथं पांढरा म्हणजे कागद. गालावरची चमक शेवटी लावलेली नसते, पहिल्यापासून सोडलेली असते, त्यामुळं तिथं चित्रकारानं काय नाही रंगवलं ते बघायचं.

हात, कपडे आणि उघडं अंग

चेहरा सगळे बघतात, तुम्ही हात बघा. बोटं स्वतंत्र पाच काढलीत का हाताचा एक मोठा आकार धरून मग बोटं सांगितलीत, मनगट कोपराला जोडलेलं वाटतंय का, तळहाताचा रंग वरच्या बाजूपेक्षा वेगळा आहे का (सावळ्या माणसाचा असतोच). कपड्यांच्या चुण्यांचं एकच बघायचं, चुणी कुठून सुरू होते. कापड खांद्यावर, कोपराला, गुडघ्याला ताणलं जातं आणि तिथून चुण्या निघतात, त्या नीट असल्या की आतलं अंग न दाखवताही कळतं. इरकल आणि सिल्क यांची चमक सारखीच काढली असेल तर चित्रकारानं कापड बघितलेलंच नाही.

आपल्याकडं विवस्त्र मानवाकृतीचं चित्र लागलं की लोक नजर चोरतात नाहीतर कुजबुजतात. आर्ट स्कूलमध्ये मॉडेल समोर बसवून अंगाचा अभ्यास करणं हा शिक्षणाचा पाया आहे. त्या चित्रासमोरही वर सांगितलेलंच करायचं, उजेड कुठून येतो, कड कुठं तापलीय, पाठीचा कणा कुठं हरवलाय आणि पोटाचा गार रंग हातापायांच्या तापलेल्या रंगापासून वेगळा कसा ठेवलाय. कपडे नसले की लपायला जागा नसते, सगळं ड्रॉइंग आणि सगळा रंग उघडा पडतो, म्हणून ते काम सगळ्यात अवघड.

फोटोवरून काढलंय का?

हे सगळे विचारतात. फोटो वापरणं पाप नाही, आज बहुतेक जण कमीजास्त वापरतात, हळदीच्या गोदामात काम करणारी बाई तासन् तास कुणासमोर बसून राहणार नाही. प्रश्न फोटोची गुलामी केली का हा आहे. ते असं ओळखा. सावल्या पार काळ्या आणि रिकाम्या, त्यात काहीच दिसत नाही, कारण कॅमेऱ्याला तिथलं दिसलं नाही. उजेडाचे भाग पांढरे फटक. नाक जरा मोठं आणि कान मागं गेलेले, कारण मोबाईल जवळून धरला होता. चेहऱ्यापासून चपलेपर्यंत सगळं सारखंच बारीक रंगवलेलं. ज्यानं माणूस समोर बसवून अभ्यास केलेला असतो तो फोटोवरून काढतानाही सावलीत रंग घालतो, कारण तिथं काय असतं ते त्याला माहीत असतं.

डोळा कुठं तयार करायचा

लांब जायची गरज नाही. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला जा, यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. तिथं राजा रविवर्म्याची (१८४८–१९०६) मूळ तैलचित्रं आहेत, आपण त्यांची ओलिओग्राफवरून (म्हणजे तैलचित्राच्या रंगीत छापील प्रतीवरून) छापलेली कॅलेंडरंच जास्त बघितलेली असतात, मूळ चित्रातली कातडी आणि छापलेली कातडी यात किती फरक आहे ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. चित्रकार म. वि. धुरंधरांचंही काम आहे, आणि इंग्लंडचा शिल्पकार हेन्री मूर याचं आई-मुलाचं शिल्प पण, तेवढ्यासाठीसुद्धा जायला हरकत नाही. जुनी चित्रं आधी डोळ्याखालून गेली की आजचा चित्रकार त्यांच्यापासून काय घेतो आणि काय सोडतो ते आपोआप दिसायला लागतं. पुण्याला गेलात तर बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची पूर्णाकृती चित्रं बघा, एकात पुरुषवेश आणि एकात स्त्रीवेश. नागठाण्याचा हा आपला माणूस, आणि एकाच माणसाला दोन वेशांत उभं करताना देऊसकरांनी शालू, दागिने आणि चेहरा यांना किती वेगवेगळा ब्रश लावलाय ते सावकाश बघण्यासारखं आहे.

आजच्यांमध्ये वासुदेव कामतांचं काम जिथं मिळेल तिथं बघा. २००६ मध्ये पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेच्या स्पर्धेत त्यांच्या पत्नीच्या व्यक्तिचित्राला ड्रेपर ग्रँड पुरस्कार मिळाला होता, २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली. आणि आपल्या भागात, कोल्हापुरात, एखाद्या चित्रकाराचा डेमो असेल तर सुट्टी टाकून जा. रिकाम्या कॅनव्हासवर पहिला गडद तुकडा कुठं पडतो आणि पहिला उजेड कधी येतो हे डोळ्यांनी बघितलं की तयार चित्रातले थर उलटे वाचता येतात.

प्रदर्शनात चित्रकार स्वतः उभा असेल तर बोला, लाजू नका, बहुतेक जण कुणीतरी नीट विचारावं म्हणून वाटच बघत असतात. "किती दिवस लागले" आणि "कितीला देणार" हे रोज शंभर जण विचारतात. तुम्ही विचारा की पहिला रंग कुठला लावला, खालचा कॅनव्हास कुठल्या रंगात रंगवून घेतला होता, कुठला भाग पुसून परत केला, या सावलीत काय काय कालवलंय, आणि अमुक जागा अर्धवट का सोडली. हळदीच्या चित्रात उजव्या कोपऱ्यातलं पोतं नुसत्या पातळ तपकिरी वॉशमध्ये सोडलं होतं, वरून एकही थर नाही. मी विचारल्यावर तो चित्रकार म्हणाला, पोतं दोनदा पुरं केलं आणि दोन्ही वेळा बाईकडं कुणी बघेना, म्हणून टर्पेंटाइननं पुसून काढलं.